छोटे देश स्वतःची शस्त्रं बनवायला लागतात ते नेमकं कसं? तुर्कस्तानला जमलं, ब्राझीलचं गाडं का अडलं?

भांडुपचा_टर्नर

नमस्कार मंडळी. विषय मोठाय पण डोक्यातून जातच नाहीये म्हणून इथे टाकतोय. मी भांडुपला एका छोट्या वर्कशॉपमध्ये आहे, सीएनसी टर्निंग आणि थोडंफार मिलिंग, आजवर पंप आणि व्हॉल्व्हवाल्यांचं जॉबवर्क करत आलोय. आता आमचे शेठ म्हणतायत डिफेन्सचं काम घ्यायचं, नौदलाला माल देणाऱ्या एका मोठ्या वेंडरकडून चौकशी आलीये. ते ऐकल्यापासून रात्री जेवण झालं की मी याच विषयावर वाचत बसतो, की आपल्यासारखे किंवा आपल्यापेक्षा लहान देश हे सगळं उभं करतात कसं.

सकाळच्या लोकलमध्ये एका मित्राशी यावरून रोज वाद होतो. त्याचं म्हणणं पैसा ओतला की सगळं होतं. मी म्हटलं मग सौदीकडे काय पैसा कमी होता का? कित्येक दशकं ते जगातल्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक, आणि सामी नावाची स्वतःची सरकारी शस्त्रकंपनी काढली ती २०१७ ला. उलट सिंगापूर बघा, आपल्या मुंबईपेक्षा थोडंसंच मोठं बेट, पण १९६७ ला काडतुसं बनवायला स्वतःची कंपनी काढली आणि आज चिलखती गाड्या विकतंय. कोरियाच्या तोफा तर आपणच घेतल्या, के-९ वज्र, हजीराला एल अँड टीने बनवलेल्या.

तर मला कळून घ्यायचंय ते असं की सुरुवात गोळीपासून करायची की एकदम विमानापासून? लायसन्सवर दुसऱ्याचा माल बनवून खरंच काही शिकायला मिळतं की नुसतं ड्रॉइंग बघून नटबोल्ट आवळायचे? आणि ब्राझील ऐंशीच्या दशकात एवढी चिलखती वाहनं विकत होता, मग त्यांची ती कंपनी बुडाली कशी?

एक विनंती, नुसतं आत्मनिर्भर झिंदाबाद नको आणि 'आपल्याकडे काही होत नाही' हेही नको. दोन्ही ऐकून कंटाळा आलाय. ज्यांनी काम केलंय किंवा नीट वाचलंय त्यांनी लिहा, लांब लिहिलंत तरी मी सगळं वाचेन.

---

दर्यासारंग

भांडुपकर, प्रश्न मनापासून आवडला. माझी उभी हयात वेल्डिंग इन्स्पेक्शनमध्ये गेली, बरंचसं काम जहाजांचं, आता रिटायर होऊन माझगावातच असतो. मी बाकी देशांचं सांगत नाही, आपल्या दारातलं सांगतो, कारण तुमच्या लायसन्सच्या प्रश्नाचं उत्तर मुंबईतच आहे आणि ते दोन्ही बाजूंनी आहे.

माझगाव डॉक सरकारने घेतलं १९६० ला. त्यानंतर ब्रिटिशांच्या लिअँडर जातीच्या फ्रिगेटचं डिझाइन घेऊन इथे बांधणी सुरू झाली आणि पहिली निलगिरी नौदलात आली १९७२ ला. आता लोक म्हणतील त्यात काय, नकाशा त्यांचा, मशिनरी त्यांची. पण एकच एक जहाज बांधून थांबले नाहीत, त्याच गोदीत एकामागोमाग एक सहा बांधली. प्रत्येक जहाजात देशी माल वाढत गेला, आणि शेवटच्या दोघींमध्ये, तारागिरी आणि विंध्यगिरीमध्ये, आपल्या लोकांनी डिझाइनमध्येच मोठे बदल केले. मग १९८३ ला गोदावरी आली, ती आपल्या नौदलाच्या डिझाइनवाल्यांनी काढलेली, जिच्यात रशियन क्षेपणास्त्रं, पाश्चात्त्य उपकरणं आणि आपली यंत्रणा एका जहाजात बसवली होती. म्हणजे लायसन्सवर शिकता येतं, पण अट एकच, त्याच माणसांनी तेच काम पुन्हा पुन्हा करायला पाहिजे आणि नौदलाचा डिझाइनवाला माणूस तिथे रोज उभा पाहिजे.

आता दुसरी बाजू. १९८१ ला जर्मनीच्या एचडीडब्ल्यू या जहाजकंपनीबरोबर पाणबुड्यांचा करार झाला. दोन जर्मनीतल्या कील शहरात बांधल्या, दोन इथे मुंबईत. शल्की १९९२ ला, शंकुल १९९४ ला नौदलात आली. दलालीच्या आरोपांवरून गदारोळ झाला आणि पुढच्या दोन पाणबुड्यांचा विचार सोडून दिला. नंतर स्कॉर्पिन जातीच्या पाणबुड्यांचा करार व्हायला २००५ साल उजाडलं आणि पहिली कलवरी दाखल झाली डिसेंबर २०१७ ला. शंकुल ते कलवरी तेवीस वर्षं! तेवीस वर्षांत वेल्डर रिटायर होतो, गल्फला जातो, त्याचा हात जातो.

हात जातो म्हणजे काय ते सांगतो, तुम्ही मशीनवाले आहात तुम्हाला कळेल. जास्त ताकदीचं स्टील वेल्ड करताना सगळ्यात मोठा शत्रू हायड्रोजन, म्हणजे साधा ओलावा. इलेक्ट्रोड ओव्हनमध्ये तापवून सुकवायचे, तिथून काढले की छोट्या गरम डब्यात घेऊन जॉबवर जायचं, उघड्यावर पडलेला इलेक्ट्रोड वापरायचाच नाही, आणि मुंबईचा पावसाळा तर विचारूच नका. प्लेट आधी गरम करायची, दोन पासच्या मधलं तापमान मोजत राहायचं, जास्तही नको कमीही नको. आणि एवढं करून वेल्ड दिसायला एकदम सुंदर असतो पण आत तडा नंतर जातो, कधी दुसऱ्या दिवशी जातो, म्हणून अठ्ठेचाळीस तास थांबून मग तपासणी करतात. हे सगळं प्रोसिजरमध्ये लिहिलेलं असतं, पण कुठल्या जागी हात अडचणीत असतो, तिथे आर्क कसा धरायचा, हे कागदावर येत नाही. ते जुना वेल्डर नव्याच्या शेजारी बसून शिकवतो. गवयाने रियाज सोडला तर घराण्याची वही असून उपयोग काय, तसं आहे ते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ज्या देशांनी ऑर्डर चालू ठेवल्या, लहान का होईना पण दर वर्षी, ते टिकले. ज्यांनी मोठा समारंभ करून एक घास खाल्ला आणि मग दहा वर्षं ताट रिकामं ठेवलं त्यांना प्रत्येक वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

---

घाटकोपर_अभ्यासिका

दर्यासारंग काका, फार सुंदर लिहिलंत. मी संरक्षण विषयावर पीएचडी करतेय त्यामुळे तुर्कस्तानचं सांगते, कारण लोकांना फक्त बायरक्तार ड्रोन माहीत आहे आणि वाटतं की एका हुशार कुटुंबाने गॅरेजमध्ये बनवलं आणि झालं.

गोष्ट सुरू होते १९७४ ला. तुर्कस्तानने सायप्रसमध्ये सैन्य उतरवलं, त्या गडबडीत त्यांच्याच विमानांनी त्यांचीच कोजातेपे नावाची विनाशिका ग्रीक समजून बुडवली, आणि लगेच १९७५ ला अमेरिकेने शस्त्रबंदी घातली. नाटोचा सदस्य असून सुटे भाग बंद. त्याच वर्षी आसेलसान ही कंपनी निघाली आणि तिने काय बनवलं, तर वायरलेस सेट. रेडिओ! विमान नाही, रणगाडा नाही. आपापल्या तुकड्यांशी बोलता येत नाही हे दुखणं होतं तिथूनच सुरुवात केली. पैसा लोकांच्या देणग्यांतून उभा राहिलेल्या सैन्यदलांच्या फाउंडेशनमधून आला, आणि १९८७ ला ही फाउंडेशनं एकत्र केली. आजही आसेलसानची मोठी मालकी त्याच फाउंडेशनकडे आहे.

दुसरी गोष्ट, आणि मला ही सगळ्यात महत्त्वाची वाटते. १९८५ ला कायदा करून त्यांनी वेगळं खातं आणि वेगळा निधी केला, ज्यात दारू, सिगारेट, जुगार अशा गोष्टींवरच्या करांतला वाटा थेट जायचा. म्हणजे दर वर्षी बजेटमध्ये भांडायचं नाही. खरेदी करणारं आणि उद्योग वाढवणारं ऑफिस एकच, त्यामुळे 'बाहेरून घेतलं तर लवकर मिळेल' आणि 'इथे बनवू' हा वाद एकाच टेबलावर सुटायचा. काका म्हणतात ती सलग ऑर्डर तिथून आली.

तिसरी, एफ-१६. अंकाराजवळ लायसन्सवर बनवली, तिथे बनलेलं पहिलं विमान १९८७ ला मिळालं. सुरुवातीला सगळे म्हणायचे की हे नुसतं जोडकाम आहे. पण त्याच कारखान्याने हळूहळू बोइंग आणि एअरबसचे भाग बनवायला घेतले, त्यामुळे लष्कराची ऑर्डर कमी झाली तरी मशीन बंद पडली नाही. आणि मे २००४ मध्ये सरकारने रणगाडा, लढाऊ हेलिकॉप्टर आणि ड्रोन या तिन्हींच्या चालू असलेल्या परदेशी खरेदी प्रक्रिया रद्दच केल्या आणि सांगितलं की आता घरचं डिझाइन. १९७५ पासून तिथपर्यंत जवळपास तीस वर्षं! तीस वर्षं रेडिओ, सुटे भाग, जोडकाम करून मग हे धाडस केलंय, पहिल्या दिवशी नाही.

आणि तरीही त्यांची मान अजून अडकलेली आहे. बायरक्तार टीबी-२ ड्रोनचं इंजिन ऑस्ट्रियाच्या रोटॅक्सचं होतं, कॅमेरा कॅनडाच्या वेस्कॅमचा. २०२० ला नागोर्नो-काराबाखच्या युद्धात ते ड्रोन वापरले गेल्यावर कॅनडाने कॅमेरे थांबवले आणि रोटॅक्सवाल्यांनीही इंजिनं थांबवली. तेव्हा आसेलसानचा कॅमेरा तयार होत आलेला होता म्हणून निभावलं. अल्ताय रणगाड्याला जर्मन इंजिन मिळेना म्हणून तो वर्षानुवर्षं रखडला, शेवटी कोरियाकडून इंजिन आणि ट्रान्समिशन घ्यायचं ठरलं. त्यांचं नवीन कान लढाऊ विमान फेब्रुवारी २०२४ ला उडालं तेही अमेरिकन इंजिनावर. आणि टी-१२९ हेलिकॉप्टर पाकिस्तानला विकायचं होतं तो सौदा मोडला कारण इंजिनात अमेरिकेचा हात होता आणि त्यांनी परवानगी दिली नाही. आपलं हेलिकॉप्टर, आपलं गिऱ्हाईक, आणि सही तिसऱ्याची.

त्यामुळे टर्नरदादा, तुमच्या मित्राला सांगा पैसा लागतोच, पण तो कुठल्या खात्यातून येतो आणि किती वर्षं न चुकता येतो हे आकड्यापेक्षा मोठं आहे.

---

सुहासिनी_दादर

सगळे कारागिरी आणि निर्धाराबद्दल बोलतायत, मी हिशोबाबद्दल बोलते कारण माझी नोकरी कर्ज द्यायच्या बाजूला गेली. ब्राझीलचा प्रश्न कोणी घेतला नाही अजून.

एंजेसा ही खासगी कंपनी, मुळात तेलाच्या धंद्याला लागणारी सामग्री बनवणारी. सहाचाकी ट्रकच्या सस्पेन्शनमधून चिलखती गाड्यांकडे वळली आणि कास्कावेल आणि उरुतू या गाड्या तिने भरपूर देशांना विकल्या, विशेषतः इराक आणि लिबियाला. साधी गाडी, ट्रकचे भाग, वाळवंटात चालते, कुठल्याही मेकॅनिकला दुरुस्त करता येते, किंमत परवडणारी. हे एकदम बरोबर होतं! छोट्या देशाने बनवायचं तर असंच बनवावं. पण मग त्यांना वाटलं की जगातला सगळ्यात भारी रणगाडा बनवू. ओसोरिओ नावाचा, बराचसा स्वतःच्या आणि कर्जाच्या पैशाने, आणि डोळे एका गिऱ्हाइकावर, सौदी. वाळवंटातल्या चाचण्यांमध्ये तो चांगला चालला असंच सगळे सांगतात. पण सौदीने शेवटी अमेरिकेचा अब्राम्स घेतला. स्वतःच्या ब्राझीलच्या लष्कराने एकही ओसोरिओ ऑर्डर केला नव्हता. त्यात १९८८ ला इराण-इराक युद्ध संपलं, इराककडचे पैसे अडकले, आणि १९९३ ला एंजेसा दिवाळखोरीत गेली. एकाच युद्धावर आणि एकाच गिऱ्हाइकावर उभा असलेला धंदा, कुठलाही बँकेतला माणूस फाइल बघून सांगेल की हे पुढे अडकणार.

आता त्याच ब्राझीलची एम्ब्रायर बघा. १९६९ ला सरकारने काढली, पण त्याच्या एकोणीस वर्षं आधी, १९५० ला, त्यांनी विमानशास्त्र शिकवणारी संस्था काढली होती, म्हणजे आधी इंजिनियर तयार केले आणि मग कारखाना. पहिलं विमान बांदेइरांते, छोटं प्रवासी आणि लष्करी दोन्ही कामाचं. नंतर तुकानो, वैमानिकांच्या प्रशिक्षणाचं लष्करी विमान. कंपनी अडचणीत आली ती १९९४ ला खासगी केली, आणि प्रवासी जेट विकून तिने स्वतःला जगवलं, त्याच जोरावर आज सी-३९० मालवाहू विमान युरोपातले देश घेतायत. एंजेसा आणि एम्ब्रायर, देश तोच, काळ तोच. फरक एवढाच की एकीकडे नागरी गिऱ्हाईक होतं.

इंडोनेशियाचंही सांगते. हबीबी नावाचे विमान इंजिनियर जर्मनीहून परत आले, १९७६ ला विमानाचा कारखाना निघाला, स्पेनच्या कासाबरोबर सीएन-२३५ बनवलं ते आजही बनतंय. पण एन-२५० नावाचं स्वतःचं विमान १९९५ ला उडवलं आणि दोनच वर्षांत आशियाई संकट आलं. १९९८ ला नाणेनिधीने कर्ज देताना अट घातली की या विमानाला सरकारी पैसा बंद. झालं. हजारो लोकांना पुढे नोकऱ्या गमवाव्या लागल्या, बरेच इंजिनियर परदेशी कंपन्यांत गेले. मला त्या माणसांबद्दल खरंच वाईट वाटतं, काम चांगलं होतं. पण एका माणसाच्या राजकीय वजनावर चालणारा प्रकल्प त्या वजनाबरोबरच जातो.

आणि अजून एक, हे मी मुद्दाम लिहितेय. गरीब देशात या कारखान्यात जाणारा पैसा दुसरीकडून काढलेला असतो. कोस्टा रिकाने १९४८ ला सैन्यच बंद केलं आणि शाळा-दवाखान्यांवर खर्च केला, तो देश काही बुडाला नाही. प्रत्येकाला ते जमणार नाही, शेजार तसा लागतो, हे मलाही कळतं. पण प्रत्येक देशाने रणगाडा बनवलाच पाहिजे असं नाही, आणि हा प्रश्न विचारणारा माणूस देशद्रोही नसतो.

---

अंबरनाथ_धातू

इंजिनाचा विषय निघाला म्हणून थोडक्यात. मी मेटलर्जीचा आहे.

जगभर बघा, सगळे अडकतात ते इंजिन, गिअरबॉक्स आणि मटेरियलवर. कोरियासारखा देश, स्टील स्वतःचं, जहाजं स्वतःची, गाड्या स्वतःच्या, तरी के-२ रणगाड्याचं ट्रान्समिशन टिकाऊपणाच्या चाचणीत अडकलं आणि इंजिन कोरियन, ट्रान्समिशन जर्मन अशी जोडी करून गाडी पुढे न्यावी लागली. आपलं मारुत विमान १९६१ ला उडालं, ढाचा उत्तम होता, पण इंजिन कमी ताकदीचं मिळालं आणि शेवटपर्यंत तेच दुखणं राहिलं. तेव्हा इजिप्तही स्वतःचं लढाऊ विमान आणि त्याचं ई-३०० इंजिन बनवत होता, आपण ते इंजिन मारुतवर बसवून बघितलं, पण पुढे दोन्ही देशांचं ते स्वप्न राहूनच गेलं. आपलं कावेरी जेट इंजिन १९८९ ला मंजूर झालं आणि २००८ ला तेजसपासून वेगळं करावं लागलं. तेजस मार्क-१ए ची जीई इंजिनं २०२१ ला ऑर्डर केली, पहिलं आलं मार्च २०२५ ला. विमानाचा सांगाडा वाट बघत उभा.

पण मटेरियलवर जिंकलेली लढाईही सांगतो, कारण तिचा कुठे गाजावाजा होत नाही. विक्रांत विमानवाहू जहाजासाठी लागणारं स्टील रशियाकडून घ्यायचं होतं, ते वेळेत मिळेना. तेव्हा हैदराबादच्या डीएमआरएल या संरक्षण धातू प्रयोगशाळेने आणि सेल या सरकारी स्टील कंपनीने मिळून डीएमआर-२४९ए ग्रेड इथेच काढला, सेलने विक्रांतसाठी असलं सुमारे ३०,००० टन स्टील दिलं. नंतर त्याच कुटुंबातलं स्टील बाकीच्या युद्धनौकांनाही लागलं. एक ग्रेड जमला की दहा जहाजांचा प्रश्न सुटतो, पण एक विमान जमलं म्हणून दुसऱ्या विमानाचा सुटत नाही. छोट्या देशाकडे पैसे थोडे असतील तर माझ्या मते ते इथे टाकावेत, स्टील, प्रोपेलंट, बेअरिंग, काच. उद्घाटनाला फोटो चांगला येत नाही त्याचा, पण शस्त्रबंदी आली की आधी हेच बंद होतं.

---

कुर्ल्याचा_सलीम

सगळ्यांचं वाचलं, मस्त चाललंय. पण मंडळी तुम्ही सगळे मोठ्यांबद्दल बोलताय, कोरिया तुर्कस्तान ब्राझील. प्रश्नात 'छोटे देश' आहे. मी शिपिंगमध्ये असल्यामुळे चितगाव, कोलंबो इकडे येणं-जाणं होतं म्हणून दोन गोष्टी सांगतो.

बांगलादेशचं खुलना शिपयार्ड, पाकिस्तानच्या काळातलं, तोट्यात गेलेलं, १९९९ ला ते नौदलाच्या ताब्यात दिलं. नौदलाने आधी काय केलं तर दुरुस्ती, फेरी, छोटी कामं घेऊन ते नफ्यात आणलं. मग चिनी मदतीने पद्मा जातीच्या गस्ती नौका बांधल्या, पहिली २०१३ ला आली. छोट्या नौका आहेत, लोक हसतील, पण बंगालच्या उपसागरात चाचे आणि मासेचोर पकडायला विनाशिका लागत नाही. गिऱ्हाईक स्वतःच मालक असल्यामुळे काम कधी थांबलं नाही, सुहासिनीताई म्हणतात तो गिऱ्हाइकाचा प्रश्न तिथे असा सुटला.

श्रीलंकेचं तर युद्धातून आलं. तमिळ वाघांच्या छोट्या वेगवान बोटी यायच्या, मोठी जहाजं त्यांच्यापुढे उपयोगाची नव्हती, मग श्रीलंकेच्या नौदलाने स्वतःच फायबरच्या छोट्या ॲरो बोटी भरपूर संख्येने बनवल्या आणि झुंडीला झुंडीने उत्तर दिलं. दुखणं ओळखून बनवलेली साधी गोष्ट. आणि आता बघा, २०२५ ला आपल्या माझगाव डॉकने कोलंबो डॉकयार्डमधला बहुमताचा हिस्सा घ्यायचं जाहीर केलं. जहाजदुरुस्ती करता करता तिथले लोक किती तयार झालेत त्याशिवाय का कोणी घेईल.

सिंगापूरचं भांडुपकरांनी लिहिलंच आहे, त्यात एक भर. ज्या कंपनीने काडतुसं बनवायला सुरुवात केली तिच्याच हाताखाली देशाची टाकसाळ होती. काडतूस आणि नाणं, दोन्हीत धातूचा पत्रा, प्रेस आणि डाय. युद्ध नसेल तेव्हा प्रेस नाणी पाडते, कामगार घरी बसत नाही. माझ्या डोक्यात तुमच्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे, सुरुवात गोळीपासून, आणि गोळीच्या शेजारी काहीतरी रोजचं विकत राहायचं.

---

अंबरनाथ_धातू

सलीमभाई, हे टाकसाळीचं फार चपखल दिलंत. फक्त दक्षिण आफ्रिकेची दुसरी बाजू जोडतो. १९७७ ला संयुक्त राष्ट्रांची सक्तीची शस्त्रबंदी आल्यावर त्यांनी आर्मस्कॉर या सरकारी शस्त्रसंस्थेमार्फत प्रचंड काम केलं, जी-५ तोफ काय, भूसुरुंगापासून वाचवणाऱ्या त्या व्ही आकाराच्या तळाच्या गाड्या काय, त्या कल्पना नंतर अमेरिकेनेही उचलल्या. पण वर्णभेदी राजवटीसाठी उभा केलेला उद्योग होता, राजवट गेली, शांतता आली, बजेट कमी झालं, आणि डेनेल या तिथल्या सरकारी शस्त्रकंपनीवर तर अलीकडे कामगारांचे पगार थकवायची वेळ आली. शस्त्रबंदीने उद्योग जन्माला येतो, पण शांततेत तो जगवायचा कसा हे वेगळं शिकावं लागतं.

---

भांडुपचा_टर्नर

एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. मित्राला लिंक पाठवलीये, तो एंजेसाचं वाचून म्हणाला पैशाने होत नाही हे मान्य नाही पण गिऱ्हाइकाशिवाय पैसा जळतो हे मान्य. तेवढं पुरेय मला.

शेठशीही बोललो. ते म्हणत होते पंपवाल्यांचं काम बंद करून पूर्ण वर्कशॉप डिफेन्सला लावू. सलीमभाईंचं आणि सुहासिनीताईंचं वाचून मी सांगितलं की एक मशीन त्या कामाला ठेवू, बाकी पंपाचं चालू राहू दे. ऐकतील असं वाटतंय.

दर्यासारंग काका, एक शेवटचं. वेंडरने नमुन्याचा लॉट मागितलाय, निकेल-ॲल्युमिनियम ब्राँझचे फ्लँज आहेत, समुद्राच्या पाण्याच्या लाइनचे. टॉलरन्स आम्हाला जमेल. आमच्यासारखे नवीन लोक पहिल्या लॉटला कशावर मार खातात?

---

दर्यासारंग

मापावर फार कमी जण मार खातात, कागदावर खातात. ब्राँझचा बार किंवा कास्टिंग येईल त्याच्यावर हीट नंबर, म्हणजे धातू कुठल्या वितळवणीतला त्याचा नंबर असेल, तो टेस्ट सर्टिफिकेटशी जुळतो का आधी बघा, जुळत नसेल तर मशीनवर चढवूच नका. कापताना तो नंबर जातो, म्हणून कापायच्या आधी प्रत्येक तुकड्यावर पंच करून पुढे न्यायचा आणि तुमच्या इन्स्पेक्टरसमोर न्यायचा, त्याची सही रजिस्टरमध्ये. उरलेल्या तुकड्यावरही. माल एकदम चकाचक आणि मापात, पण कुठल्या हीटचा ते सांगता येत नाही म्हणून अख्खा लॉट परत गेलेला मी कितीदा पाहिलाय.

आणि हा ब्राँझ पितळ समजून चालवू नका, टूल लवकर खातो. पंपाच्या कामाची चिप त्याच ट्रेमध्ये मिसळू देऊ नका, भंगाराला भाव जातो तो वेगळा आणि इन्स्पेक्शनला येणारा माणूस आधी ट्रेच बघतो. नमुना पाठवायच्या आधी फ्लँजचा सीलिंग फेस कशात गुंडाळणार तेही ठरवा, टेम्पोत भांडुप ते गोदी जाताना एक ओरखडा पडला की पुन्हा फेसिंग. कधी वाटलं तर ड्रॉइंगमधलं वेंडरचं नाव झाकून नोट्स इथे टाका, बघून सांगतो कुठली टेस्ट मागितलीये.